मूठ उजवीकडे

मी एक लाकडी खुर्ची. बोलायची सवय नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

माझ्यावर बसून कोणी कधी जेवलं नाही की पेपर वाचला नाही. मी तलवारबाजीची खुर्ची आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत ते बसून तलवार खेळतात. त्यासाठी दोन खुर्च्या एका जाड फळीवर समोरासमोर, जरा तिरक्या ठेवून बोल्टांनी आवळतात. खेळताना बूड उचलायचं नाही. मागे सरायला जागा नाही. एका हातात तलवार, दुसऱ्या हातानं खुर्चीची मूठ धरायची. मूठ धरली तर झेपावून परत मागे येता येतं. नाही धरली तर माणूस तोंडावर पडतो.

मला एका सुतारानं त्याच्या मुलीसाठी केलं. बायको गेल्यावर सहा वर्षं त्यानं रंध्याला हात लावला नव्हता. हत्यारं तेल लावून फडक्यात बांधून ठेवली होती. लोक म्हणायचे, म्हातारा संपला. तो ऐकून घ्यायचा.

मुलगी आठवड्यातून दोनदा सरावाच्या हॉलमध्ये जायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, संघाची निवड तीन महिन्यांवर आली आहे, रोज हात चालला पाहिजे, घरी काही सोय करा. मुलीनं घरी येऊन एवढंच सांगितलं. मागितलं काहीच नाही. सुतार उठला आणि त्यानं फडक्याची गाठ सोडली.

भिंतीला टेकवलेलं एक जुनं दार त्यानं कापलं. म्हणजे आधी मी दार होते. दिवसभर माणसं माझ्यातून जायची, यायची. ते दिवस मला आठवतात.

माप घेताना त्यानं मुलीला तिच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभा राहिला. मूठ कुठल्या हातानं धरतेस ते दाखव, म्हणाला. तिनं डावा हात खाली टेकवला. समोर उभ्या असलेल्या माणसाला तो उजवीकडे दिसतो. त्यानं फळीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'मूठ उजवीकडे'. चाळीस वर्षं खुर्च्या केलेला माणूस असं कसं चुकला, असं तुम्हाला वाटेल. साध्या खुर्चीचे दोन्ही हात सारखे असतात. डावं-उजवं वेगळं असलेली खुर्ची त्यानं जन्मात केली नव्हती.

आणखी एक. त्याचा एक नियम होता. दुसऱ्यासाठी केलेल्या खुर्चीवर आपण बसायचं नाही, पहिलं बसणं मालकाचं. हा नियम नसता तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

आम्ही दोघी झालो, मी आणि माझी जोडीदार. गुण्या लावून त्यानं आमचा तिरकेपणा पक्का केला, प्रत्येकीला चार बोल्ट मारले, पान्यानं आवळले. त्याची बहीण घरातच राहायची. तिनं कमरेवर हात ठेवून आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाली, दादा, या तर रुसलेल्या व्याह्यांसारख्या बसल्यात, समोरासमोर पण तोंड वाकडं करून. सहा वर्षांत पहिल्यांदा सुतार हसला. मुलीनं ते हसणं पाहिलं.

मग ती माझ्यावर बसली. डावा हात मुठीकडे गेला. मूठ तिथं नव्हती. ती पलीकडे होती, तलवारीच्या हाताखाली. तिनं बापाकडे पाहिलं. तो लाकडाचा भुसा झाडत होता. ती म्हणाली, "छान झालीय, बाबा."

जवळजवळ तीन महिने ती माझी खालची कड धरून खेळली. ती कड रंधलेली नव्हती. खालची बाजू कोण बघतं? माझ्या कुसळांनी तिची बोटं फाटली. मला कळत होतं, पण खुर्ची काय करणार. ती पट्ट्या बांधायची आणि आत्याला सांगायची, तलवारीनं होतं असं. तलवार उजव्या हातात आणि पट्ट्या डाव्या हाताला, हे आत्याच्याही लक्षात आलं नाही.

समोरच्या खुर्चीत भुशानं भरलेलं पोतं बांधलेलं असायचं. निवडीला चार दिवस राहिले आणि ते फाटलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही बसा. त्यानं नियम सांगितला. ती म्हणाली, "ती खुर्ची कोणाचीच नाही, बाबा. समोर बसायला माझ्याकडे कोणी नाही."

तो बसला. उजव्या हातात काठी घेतली. डावा हात आधार शोधत खाली गेला, मूठ सापडली नाही, तो कडेखाली गेला. कुसळ खच्चकन बोटात घुसलं. त्यानं बोट वर करून पाहिलं. मग समोर पाहिलं. मुलीचा डावा हात माझ्याखाली होता.

"हात वर कर."

तिनं केला. चार बोटांना चार पट्ट्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलली का नाहीस?"

"सहा वर्षांनी तेव्हा कुठं तुम्ही रंधा हातात घेतला होता."

त्याच दुपारी त्यानं दोघींच्या मुठी काढून डावीकडे बसवल्या, जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली, खालच्या कडा रंधून गुळगुळीत केल्या. इतक्या गुळगुळीत की त्यावर माशी घसरावी.

चार दिवसांत लाकूड बदलतं, सवय बदलत नाही. निवडीच्या वेळी चौदा-चौदा गुण झाले, पंधरावा घेईल ती जिंकणार. शेवटच्या वाराला मुलीचा डावा हात मूठ सोडून कड शोधायला खाली गेला. तिथल्या खुर्च्या लोखंडी. कड नव्हतीच. ती पुढे कोलमडली आणि समोरचीनं वार केला. हे तिनं स्वयंपाकघरात आत्याला हळू आवाजात सांगितलं. बाहेर रंध्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

नंतर बाईंनी तिला हॉलजवळच राहायला बोलावून घेतलं. पुढच्या निवडीसाठी रोज समोर माणूस मिळेल म्हणाल्या. निघताना मुलगी बापाला म्हणाली, "सवय माझी होती, बाबा."

"खुर्ची माझी होती," तो म्हणाला.

त्यांचं शेवटचं बोलणं हेच. ती तिकडे राहायला गेली त्याला वर्ष होत आलं. तिचा फोन येतो, तो आत्या घेते. बाबा कुठं आहेत, असं ती विचारते. कामात आहेत, असं आत्या सांगते.

त्याचं काम मी रोज बघते. सकाळी चहा झाला की तो माझ्या जोडीदारावर येऊन बसतो. डाव्या हातानं मूठ धरतो, उजव्या हातात काठी घेतो आणि माझ्या दिशेनं झेपावतो. पहिले काही दिवस तो पडत होता. आता पडत नाही. काठीचं टोक माझ्या पाठीपासून वीतभर अलीकडे थांबतं, जिथं तिचा खांदा असायला हवा तिथं. मग तो परत मागे येतो आणि वाट बघतो. माझ्याकडून उत्तर जात नाही. रिकामी खुर्ची वार करत नाही.

माझे बोल्ट तो दर आठवड्याला आवळतो. कोणाला माझ्यावर बसू देत नाही. पाहुणे आले तर त्यांना आत्या आतली चटई देते.

तुमच्यापैकी कोणी त्या हॉलकडे गेलं, तर डाव्या हाताच्या बोटांवर वण असलेली एक मुलगी तिथं असेल. तिला माझा एवढा निरोप द्या. मूठ डावीकडे आहे. आणि समोर बसायला आता कोणीतरी आहे.