या नावाचा माणूस इथं राहत नाही

आनंदराव गोंडाणेच्या फाइलीत सगळं होतं. न्यूयॉर्कच्या कापड व्यापाऱ्याचं बोलावणं, विणकर सोसायटीचा ठराव, देवी टोचल्याचा दाखला. नव्हता तो पासपोर्ट. तो हातात आला की मुंबईला अमेरिकेच्या कचेरीत व्हिसाचा अर्ज टाकायचा आणि आपल्या पाचपावली मोहल्ल्याच्या मागावरच्या चादरी घेऊन विमानात बसायचं. व्यापारी दिवाळीपर्यंत थांबणार होता. मग तो मद्रासचा माल उचलणार, आणि सोसायटीचे चाळीस माग बंद पडणार.

मोहल्ल्यात त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. शिक्का बसायच्या आधी बोभाटा कशाला?

मंगळवारी तो घरी आला, तर नळावर शेजारची भीमाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. म्हातारी भलती खुशीत.

"आनंदा, पेढे काढ गा! वाचवलं तुले."

"काहून? काय झालं?"

"पोलिस आलता, कागद घेऊन. आनंदराव गोंडाणे कुठं राहते म्हने. म्या सांगतलं, या नावाचा मानूसच नाही इथं. पानठेल्यावाल्यानं तेच सांगतलं. मास्तरानंबी! बारा घरं फिरला मुडदा, बारा घरी एकच जबाब. तुह्या घराले कुलूप होतं, बरं झालं."

आनंदराव ओट्यावर बसला. तो पोलिस पासपोर्टच्या चौकशीलाच आला होता. शिव्या घालायच्या तर कुणाला? हा धडा त्यानंच दिला होता. गिरणीच्या संपात पोलिसांनी गल्लीतल्या संपकरी रुपरावचं घर विचारलं, कुणीतरी भोळेपणानं बोट दाखवलं, आणि रुपराव ठाण्यातून आला तो दोन्ही पाय मोडून. तेव्हा विहारासमोर उभा राहून आनंदरावच गरजला होता, "खाकीले सख्ख्या भावाचंही नाव सांगायचं नाही!" अकरा वर्षं मोहल्ल्यानं ते पाळलं. का पाळू नये? सरकार या गल्लीत काठी घेऊनच आलं होतं. ते कधी कुणाच्या भल्याचा कागद घेऊन येईल, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी तो फाइल घेऊन ठाण्यात गेला. हवालदार तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होता.

"गोंडाणे? तो त्या पत्त्यावर राहतच नाही. रिपोर्ट तयार आहे, आज डाकेनं जाते."

"साहेब, मीच आहो तो."

हवालदाराचं तोंड चघळता चघळता थांबलं. त्यानं आनंदरावला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बारा लोक म्हणतात असा माणूस नाही. अन् तू त्याचे कागद घेऊन फिरून राहिला. कितीत ठरला बे अमेरिकेचा सौदा?"

"सोसायटीत विचारा, साहेब. तिथं सारे ओळखतात."

"सोसायटीचा शिक्का तुझ्याच खिशात असन."

त्यानं अर्जावरचा फोटो ओरबाडून काढला, फाइल खणात टाकली, कुलूप लावलं आणि शिपायाला हाक मारली. "जा, त्याच गल्लीत जा. हा थोबडा दाखव. कोणी ओळखते का विचार. नाही म्हणाले तं याले आत घेऊ."

"त्याले नका धाडू, साहेब!" आनंदराव ताडकन उठला. "मी स्वतः घेऊन येतो कोणाले. अर्ध्या तासात येतो."

"बस खाली!"

दोन हातांनी त्याला बाकावर दाबलं. बाहेर शिपायानं सायकलला टांग मारली. दहा मिनिटांत तो गल्लीत पोचेल. पहिली भेटेल भीमाबाई. खाकीच्या हातात तो फोटो पाहून म्हातारीची पापणीसुद्धा हलणार नाही.