प्रवचनामागचं व्हायोलिन

कासिमिराबाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. वर्गात त्या आता गज हातात न धरता, नुसत्या बोलून शिकवत. पण गुड फ्रायडेचं प्रवचन काही त्यांना सोडत नव्हतं.

सान ओनोफ्रे गावची रीतच तशी. एरवी देवळात वीस पोरं वाजवोत की चाळीस, त्या दुपारी तीन वाजता गावपंचांतला सगळ्यात म्हातारा माणूस जुन्या चिकितानो भाषेत ख्रिस्ताचं मरण गाऊन सांगणार आणि त्याच्यामागे एकच व्हायोलिन असणार. त्याला लिहिलेले सूर नाहीत, तालीम नाही. दुःखाची कसली तालीम, असं जुनी माणसं म्हणत. देवाची कथा गळ्यातून आली की दगडालाही पाझर फुटतो, आणि त्या गळ्याला मागून कुणी हळूच धरून ठेवलं, तर गाणाऱ्याला रडतानाही आधार राहतो. ते धरून ठेवणं गेली एकतीस वर्षं बाईंकडे होतं.

त्यांना ते इलारिओन मासाई या गुरुजींनी दिलं. नऊ वर्षांच्या कासिमिराला त्यांनी तीन वर्षं नुसतं शेजारी बसवलं, वाद्याला हात लावू दिला नाही. पुढे ती सान्ता क्रूझ शहरात गेली, सूर वाचायला शिकली, परत येऊन तिने शाळा काढली. "ज्याला कागद वाचता येतो तोच शहरात जेवतो," हे तिचं पोरांना पहिल्या दिवसाचं वाक्य. खोटंही नव्हतं ते. तिच्या शाळेतली दोन पोरं ला पाझच्या वाद्यवृंदात होती.

या वर्षी मात्र बाईंनी ठरवलं होतं, बस झालं. बारा वर्षांच्या होविता सुरुबीला प्रवचन सोपवायचं आणि ईस्टरनंतर कोन्सेप्सिओनला बहिणीकडे जाऊन पडायचं. शिकवायला अंगात त्राण नव्हतं, म्हणून त्यांनी सोपी वाट काढली. गेल्या तीन वर्षांचं वादन आठवून आठवून सात पानांवर उतरवून काढलं. होविताने ते पंधरा दिवसांत बिनचूक बसवलं.

प्रवचन सांगणाऱ्या निकानोरबाबांनी देवळात ती पानं पाहिली आणि काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "हे कुणासाठी गं? मला वाचता येत नाही, तिला ऐकता येत नाही. जोडी बरी जमवलीस."

बाई कसनुशा हसल्या. भांडायलाही ताकद लागते.

गुड फ्रायडेला सुरुवात चांगली झाली. पण निकानोरबाबांची बायको गेल्या ऑगस्टमध्ये वारली होती, हे सात पानांना कुठून ठाऊक असणार? क्रुसाखाली आई उभी आहे, तिथे बाबा अडले. दर वर्षी एकदाच म्हणायची ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, मग आणखी एकदा, प्रत्येक वेळी खालच्या आवाजात. होविता मान खाली घालून वाजवत पुढे गेली. ख्रिस्त अजून क्रुसावरच होता आणि व्हायोलिन थडग्यापाशी जाऊन पोचलं होतं. काळी ओढणी घेतलेल्या बायकांनी माना वळवल्या.

बाई उठल्या. व्हायोलिन घ्यायला त्यांचा हात पुढे गेला, खांद्यातून कळ आली आणि तो तसाच खाली आला. त्यांनी समोरची पानं तेवढी उचलली.

"सगळ्यात खालची तार धर," त्या कुजबुजल्या. "सोडू नकोस. त्यांच्याबरोबर राहा."

"कशी राहू, बाई? ते काय म्हणतायत तेच मला कळत नाही."

बाईंना वाटलं, कुणीतरी थोबाडीत दिली. एकतीस वर्षांत किती पोरांची बोटं त्यांनी तारेवर बसवली, आणि ही भाषा घराघरातून उठून गेली तरी एकालाही सांगितलं नाही, की म्हातारा काय म्हणतोय.

त्या पोरीच्या कानाशी वाकल्या. "ख्रिस्त आईला म्हणतोय, तू घरी जा. मला अजून वेळ लागेल."

गज मंदावला. होविताने पहिल्यांदाच मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते चौथ्यांदा तीच ओळ म्हणत होते, आणि खालची तार त्यांच्या आवाजाखाली अंथरल्यासारखी राहिली. ना सूर बदलला, ना कसब दिसलं. पण बाबा तिच्यावरून चालत पुढच्या ओळीला गेले.

मग ओळ आली की बाई अर्थ सांगत गेल्या. असं अर्धा तास, वाकून. शेवटी त्यांची कंबर सरळ होईना.

देऊळ रिकामं होत असताना निकानोरबाबा थांबले. "आज माझ्यामागे दोघी होत्या," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी एकीलाच पाठव. मी असेन-नसेन, प्रवचन असेल." आणि काठी टेकत निघून गेले.

होविताने विचारलं, असं सगळं कळायला किती दिवस लागतील. बाईंना इलारिओन गुरुजींची तीन वर्षं आठवली आणि नुसत्या हिशेबानेच त्या बाकावर बसल्या. बहिणीकडची खोली, दुपारची झोप, सगळं डोळ्यांपुढून गेलं. देवा, मी थकले रे, असं त्या मनात म्हणाल्या. पोरगी मात्र समोर उभी होती.

"व्हायोलिन पेटीत ठेव. बैस इथे," बाई म्हणाल्या, आणि प्रवचनाची पहिली ओळ त्यांनी जुन्या भाषेत सावकाश म्हटली.

होविताने ती म्हणून दाखवली.

"चुकलं," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "पुन्हा."