तीनशे तीन

कोपरीतल्या डॉक्टर हरिहर प्रधानांना नव्या यादीचं फार कौतुक होतं. बावन्न साल होतं. ते नोकरी करायचे त्या वेड्यांच्या इस्पितळात तोवर रोग्याच्या कागदावर नुसतं ‘वेड’ किंवा ‘भ्रम’ लिहून मोकळे होत. आता साऱ्या जगासाठी रोगांची एकच यादी निघाली होती, तीत मनाच्या विकारांनाही जागा मिळाली होती, आणि प्रत्येक विकाराला आकडा होता. आपल्याकडच्या रोग्यांना ते आकडे लावायचं काम हरिहरांकडे आलं आणि ते त्यात बुडून गेले. जेवताना सरोजला सांगत, "आज सात जण तीनशेत टाकले. एकाला मात्र कुठे बसवावं कळेना."

सरोज ऐकून घ्यायची. त्यांची चार वर्षांची बेबी घटसर्पाने जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सरोज स्वयंपाक करायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि मधेच हात थांबून तिथेच बसून राहायची. एकदा हरिहरांनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "याला नाव आहे गं. तीनशे चौदा. दुःखाच्या धक्क्याने येतं. बरं होतं."

तिला त्या दिवशी खरोखर हलकं वाटलं. जगात आपल्यासारख्या कितीतरी बायका असतील, म्हणूनच कुणीतरी त्यांच्यासाठी आकडा ठेवला, असं तिच्या मनात आलं. त्या हलकेपणातच मनात साठलेलं तिने बोलून टाकलं.

"तुम्ही बेबीचा घसा पाहिला नाहीत. मी दोन दिवस म्हणत होते. साधी सर्दी आहे म्हणालात."

हरिहर चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्याकडे पाहत राहिले, रोग्याकडे पाहावं तसे, आणि शांतपणे म्हणाले, "हे तुला कधीपासून वाटतंय?"

तेव्हापासून घर बदललं. ती काही बोलली की ते आधी विचारात पडत, मग उत्तर देत. तिने दार जरा जोरात लावलं की त्यांची मान वळे. विळी आणि कात्री कपाटात गेली, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. तिने विचारलं तर म्हणाले, "तुझ्याच काळजीपोटी." एका सकाळी दाढी करता करता, आरशातच पाहत ते म्हणाले, "मी चुकलो होतो. तुझं चौदा नव्हे. तीनशे तीन."

"म्हणजे काय?"

"माणसाला आपल्याच माणसांचा संशय येतो."

पुढच्या रविवारी त्यांचे स्नेही डॉक्टर विश्राम गुप्ते चहाला आले. सरोजने पोहे केले. विश्रामने इकडचं तिकडचं बोलता बोलता तिला आजची तिथी विचारली, माहेरच्या माणसांची नावं विचारली. तिसऱ्या प्रश्नाला तिच्या ध्यानात आलं की हा चहा नाही. बायकोला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं तर नवऱ्याच्या अर्जासोबत दोन डॉक्टरांचे दाखले लागतात, हे हरिहरांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"वहिनी, बेबीच्या बाबतीत कुणाची चूक झाली असं वाटतं तुम्हाला?"

नाही म्हटलं तर आज सुटका होती. तिने पदर सारखा केला. "यांनी घसा पाहिला नाही, दोन दिवस."

"ऐकलंस ना?" हरिहर हळूच म्हणाले.

विश्रामने बशी खाली ठेवली. "पाहिला होतास का रे?"

हरिहर खिडकीबाहेर पाहू लागले. विश्रामने दाखल्यावर सही केली नाही. निघताना जिन्यात तो तिला म्हणाला, "वहिनी, भावाकडे जा. दुसरा डॉक्टर येईल तो यांना हा प्रश्न विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी हरिहर कामावर गेल्यावर सरोज नेसत्या लुगड्यानिशी डोंबिवलीला मधुकडे आली. धाकटा भाऊ, त्याची बायको शुभदा आणि त्यांचं सहा महिन्यांचं मूल. मधुने काही न विचारता ताईसाठी माजघर मोकळं करून दिलं. ती पुन्हा जेवू लागली, झोपू लागली. बाळाला न्हाऊ घालणं तर शुभदाने आपण होऊन तिच्याकडे दिलं.

हरिहर भांडायला आले नाहीत. ते दर रविवारी फळं घेऊन येत, ओटीवर मधुशी हलक्या आवाजात बोलत बसत आणि तिला न भेटताच निघून जात.

एका सोमवारी सरोजने तेल कोमट केलं, पाट मांडला आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. शुभदाने त्याला छातीशी धरलं. "राहू दे ताई. आज मीच घालते."

मधु दारात उभा होता. "ताई, हरिभाऊ काळजी करतात गं तुझी."

"काय म्हणाले?"

"काही नाही. तू जरा शांत राहा, एवढंच."

"मी शांतच आहे, मधु."

हे किती आवाजात म्हणायचं, याचा तिने आधी विचार केला होता. मधु तिच्याकडे पाहत राहिला आणि ते पाहणं तिने ओळखलं. तिने तेलाची वाटी उचलून शुभदाजवळ सरकवली आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले.