पुलावरचा हॉर्न

"भाऊ, चालू हाय का बंद?"

हदगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालाने काचेवर टकटक करून विचारलं. देविदासने मान न वळवता उत्तर दिलं, "चालू."

"आवाज न्हाई आला."

"येतच नसतो."

"मंग कळावं कसं मानसाला?"

"मी सांगून राहिलो ना."

हा संवाद दिवसातून आठ-नऊ वेळा होत असे. जुनी डिझेल पिकअप स्वतःचं स्वतः बोलायची. ती कुठे आहे, किती भरली आहे आणि तिचा सायलेन्सर कधीपासून फुटला आहे, हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक असे. सात महिन्यांपूर्वी देविदासने ती विकून ही विजेवरची घेतली, तेव्हापासून गाडीच्या वाटचं बोलणंही त्यालाच बोलावं लागत होतं. गाडी पांढरी, ठेंगणी आणि शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखी गुपचूप मागे येऊन उभी राहणारी. समोरच्या काचेवर लाल अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं. ते दोन्ही गाड्यांवर सारखंच होतं. पेंटरही तोच.

गाडी घेतल्यापासून देविदासला एक सवय जडली होती. तो टक्के बघायचा. बॅटरी किती टक्के आहे हे समोरच्या पडद्यावर दिसायचं, मोबाईलवरही दिसायचं, आणि तो दोन्हीकडे बघून खात्री करायचा. सकाळी उठून तोंड धुण्याआधी टक्के. जेवताना टक्के. वीज गेली की टक्के, आली की टक्के. त्याची बायको दीपाली एकदा म्हणाली होती, "मला डोहाळे लागले तवा एवढं इचारलं असतं तर बरं झालं असतं." देविदास हसला होता. मग त्याने टक्के बघितले होते.

मोंढ्यात त्याला मान होता. तो गाडीमुळे नव्हता, आईमुळे होता. तीन वर्षांपूर्वी त्याचे वडील शेषेराव गेले. तेरवीला सगळा गोतावळा जमलेला असताना मामांनी विचारलं, आता माझ्या बहिणीचं कसं? देविदास उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून माझी माय वावरात पाय ठिवणार न्हाई. लई केलं तिनं. आता तिनं राणीवानी बसून खायचं." पाहुण्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मामांनी तर पाठीवर थाप मारली. ज्यांच्या आया अजून वावरात होत्या, त्यांनी खाली बघितलं. दाराआड बायकांत बसलेल्या आईला, रुक्मिणबाईला, कुणी काही विचारलं नाही. तशी पद्धतही नाही.

देविदास शब्दाचा पक्का निघाला. ओढ्याकाठचं चार एकर वावर त्याने सुदामला बटईने, निम्म्या वाट्याने, लावून दिलं. आईला पलंग घेतला, भिंतीवर टीव्ही लावला, उशाशी पंखा ठेवला. तेव्हापासून गावात कुणी आईशी वाकडं वागलं की लोक म्हणायचे, देविदासकडं बघा जरा. देविदासला ते ऐकू आलं की तो न ऐकल्यासारखं करायचा, पण जरा जवळ सरकून.

त्या मंगळवारी गडबड झाली ती त्याच्या तोंडामुळे. सिमेंटच्या पंधरा गोण्या उतरवून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, पुढच्या वाडीला पाच गोण्या टाकता का, का गाडी पुरत न्हाई? शेवटचं वाक्य बोललं नसतं तर देविदास नाही म्हणाला असता. "पुरत न्हाई म्हंजे?" तो म्हणाला आणि निघाला. कागदावरचे किलोमीटर आणि मराठवाड्यातल्या रस्त्यावरचे किलोमीटर यांची अजून ओळख झालेली नाही, हे त्याला परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा कळलं. बारा टक्के उरले. त्याने पंखा बंद केला, गाणी बंद केली, पाय हलका ठेवला. तरी घर दूरच वाटत होतं. मग त्याने डांबरी सोडून गाडी पांदणीत घातली. पांदण वावरा-वावरांतून थेट गावाजवळच्या पुलाशी निघत होती. चार किलोमीटर वाचत होते. डिझेलच्या दिवसांत तो या वाटेला कधी आला नव्हता. तेव्हा चार किलोमीटरचं काही वाटत नसे.

कापसाची वेचणी जोरात होती. पाच वाजून गेले होते, ऊन उतरलं होतं. पांदणीच्या वळणावर त्याला पुढे सात-आठ बाया चालताना दिसल्या. कमरेला रिकाम्या झोळ्या, हातात डबे, एकीच्या डोक्यावर सरपणाचा भारा. पूर्ण वाट अडवून, गप्पा हाणत, सावकाश चालल्या होत्या. देविदासने हॉर्नवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

मधल्या बाईची चाल त्याच्या ओळखीची होती. उजवा पाय जरा बाहेर टाकत चालणारी. डोक्यावरचे केस पांढरे.

त्याने हात काढून घेतला. गाडी त्यांच्या मागे माणसाच्या चालीने सरकत राहिली. खाली मऊ फुफाटा होता, टायरचाही आवाज नव्हता. काच उघडी होती.

"मंग? पुढं काय म्हनला?" एक बाई विचारत होती. ती केवळाबाई, शेजारच्या आळीतली.

"काय म्हनतो? सकाळी उठला की आधी गाडीकडं." रुक्मिणबाईने चालता चालताच कमरेवर हात ठेवला आणि मान वाकडी करून आवाज जाड केला. "'दीपे, किती टक्के झाली गं? पंच्यान्नव? आन् रात्रभर काय केलं तिनं?'"

बाया हसल्या. देविदासला स्वतःचा आवाज ओळखू आला. हुबेहूब होता. आई नकला करते हे त्याला माहीत नव्हतं.

"जेवाया बसला तरी तेच. घास हातात, डोळा मोबाईलात. गाडीला भूक लागली का, गाडीला ताप आला का. मी समोर बसलेली असते. माय किती टक्के हाय, हे दावणारा मोबाईल आजून निघाला न्हाई वाटतं."

"मंग तूच सांग की गं रुक्मिणबाई," केवळाबाई म्हणाली, "किती टक्के हाईस?"

"घरी पलंगावर असले की धा." रुक्मिणबाईने डबा या हातातून त्या हातात घेतला. "तुमच्यात येचाया आले, की सांजपर्यंत सत्तर-ऐंशी तरी होतेच."

बाया इतक्या हसल्या की भाऱ्यावाली वाटेतच थांबली. देविदासने ब्रेक दाबला. भाऱ्याचं टोक आणि 'आईचा आशीर्वाद' यांच्यामध्ये दोन हात अंतर राहिलं.

"पण सुदाम बरा तुला कामाला घेतो," भाऱ्यावाली म्हणाली. "त्याला भेव न्हाई वाटत देविदासचं?"

"त्याला म्या सांगितलं, वावर माझं हाय, मी माझ्या वावरात आले. तू कोन अडवनार?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "पण बायांनो, त्याच्या कानावर घालू नका बरं. त्यानं पाव्हन्यांदेखत शब्द दिलाय. लेकराची मान खाली जाईल."

"न्हाई सांगत, बाई. दोन वर्सं झाली, कुनी सांगितलं का?"

दोन वर्षं. देविदासने नकळत समोरच्या पडद्याकडे बघितलं. अकरा.

"आधीची गाडी लई बरी व्हती," रुक्मिणबाई सांगत होती. "फाट्यावर आली की इकडं वावरात ऐकू यायची. मी हातातलं तास आवरून, बांधानं घरी जाऊन, पाय धुवून पलंगावर. तवर हा पोचायचा. ही मात्र चोरावानी येती. परवा पदराला कापूस तसाच, आन् हा दारात! म्हून आता पाचलाच निघावं लागतं. तास अर्धं टाकून यायचं, मला बाई ते बरं न्हाई वाटत."

यावर कुणी हसलं नाही. कापसाचं तास, म्हणजे वेचायला धरलेली झाडांची ओळ, अर्धं टाकणं काय असतं ते त्या सगळ्यांना माहीत होतं. देविदासलाही माहीत होतं. लहानपणी त्याला ते तिनेच शिकवलं होतं.

त्याने गाडी थांबवली. बाया वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या, त्यांचा आवाजही गेला, तरी तो बसून राहिला. मागून एक मोटारसायकल आली. तिच्यावर सुदाम होता, पुढे कापसाचं गाठोडं. त्याने आधी गाडी बघितली, मग देविदासचं तोंड बघितलं, मग रिकामी वाट बघितली. त्याचा चेहरा उतरला.

"चार्जिंग संपली का भाऊ?"

"हाव," देविदास म्हणाला.

"ढकलू का?"

"नगं. जरा थांबलो की चालती."

विजेची गाडी थांबल्याने चालत नाही, हे सुदामलाही ठाऊक होतं. तो "बरं" म्हणाला आणि काठाने गाडी काढून निघून गेला. त्या दिवशी त्या पांदणीत दोन माणसं शरमली, आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याला कळलं नाही.

देविदास पुलावर आला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. इथून घर पाच मिनिटांवर. त्याने गाडी उभी केली आणि हॉर्न दाबला. बराच वेळ दाबून धरला. पुलाखाली म्हशी धूत असलेला एक म्हातारा वर बघून काहीतरी बोलला. ते आईवरून होतं. देविदासने ऐकून घेतलं. मग दहा मिनिटं तिथेच बसला.

घरी आला तेव्हा गावातली वीज गेलेली होती. रुक्मिणबाई पलंगावर आडवी होती, तोंड टीव्हीकडे. टीव्ही बंद होता. ती तो बघत होती. पाय ओले होते. कानामागच्या केसांत कापसाच्या बोंडाची वाळकी पत्ती अडकली होती.

देविदास पलंगाच्या कडेला बसला. असं तो शेवटचा कधी बसला होता, ते त्याला आठवेना. बसल्यावर काय बोलतात तेही आठवेना.

"माय."

"आँ?"

"कटाळा येतो का गं घरी? वावरात एखांदी चक्कर मारावी वाटती का?"

रुक्मिणबाई उठून बसली. तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पदर सारखा केला.

"कायला? मला काय कमी हाय? राणीवानी बसून खाते मी," ती म्हणाली. "कोन काही बोललं का तुला?"

"न्हाई. कोन बोलतंय."

"मंग झालं तर. जा, हात-पाय धू. गाडी लावली का?"

"वीज न्हाई."

"येईल," ती म्हणाली, रडत्या लेकराची समजूत काढावी तशी.

पत्ती काढावी असं त्याला वाटलं. हात अर्धा उचललाही. पण पत्ती काढली असती, तर ती कुठून आली हे दोघांपैकी कुणाला तरी सांगावं लागलं असतं. तिने तेरवीचा त्याचा शब्द दोन वर्षं सांभाळला होता, भाकरी-कालवणासारखा झाकून. तो उघडा करायची त्याची हिंमत झाली नाही. तो उठला आणि हात-पाय धुवायला गेला.

तेव्हापासून देविदासची गाडी रोज पुलावर हॉर्न वाजवते. एकदा लांब, मग थांबून पुन्हा एकदा. मग ती अर्धा तास तिथेच उभी असते. गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, बॅटरी खराब निघाली, तिला दम लागतो. काही म्हणतात, हे गाडीतच असतं, कंपनीकडूनच येतं. दीपालीने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, पुलावर जनावरं असतात. सुदामने मोंढ्यात भेटल्यावर विचारलं नाही, पण स्वतःहून म्हणाला, "भाऊ, पुलावर जनावरं लई असतात."

"हाव," देविदास म्हणाला. दोघांनी दोन वेगळ्या दिशांना बघितलं.

मोंढ्यात आता कुणी त्याच्या आईचा दाखला दिला, की तो गाडीत जाऊन बसतो. आधीसारखा जवळ सरकत नाही.

वेचणीच्या शेवटच्या आठवड्यात तो एकदा लवकर आला. पुलावरून ओढ्याकाठचं वावर पूर्ण दिसतं, हे त्याने तोवर नीट बघितलं नव्हतं, किंवा बघायचं टाळलं होतं. पांढऱ्या कापसात आठ डोकी वाकलेली होती. त्यांतलं एक कापसाइतकंच पांढरं होतं. त्याने हॉर्न दाबला.

सात डोकी तशीच राहिली. एक वर आलं. तिने कमरेवर हात ठेवून पुलाकडे बघितलं. देविदास झटकन सीटमध्ये खाली सरकला, इतका की स्टीअरिंग छातीला लागलं. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या आईपासून स्वतःच्या गाडीत लपून बसला होता.

थोड्या वेळाने त्याने काचेच्या खालच्या कडेवरून बघितलं. ती पुन्हा वाकली होती. घाई नव्हती. एकेक बोंड दोन्ही हातांनी मोकळं करत ती पुढे सरकत होती, आणि तिच्या पुढे तासाची वीस-पंचवीस झाडं उरली होती.

देविदासने पडद्यावर हात ठेवून टक्के झाकले आणि तास संपायची वाट बघत बसला.