विंझरला सांग, बरी हाय

पेशंटशी ओळख कशी काढावी यावर नर्सिंगच्या पुस्तकात एक अख्खा धडा आहे. आपलं नाव सांगा, हसा, गाव विचारा, काही जुळलं तर तो धागा धरा. धडा चांगला आहे. फक्त लिहिणाऱ्याची आत्या पालीला दिलेली नसावी, एवढंच.

सुलक्षणाने तो धडा तोंडपाठ केला होता. ती जीएनएमच्या, म्हणजे पूर्ण नर्सिंगच्या, तिसऱ्या वर्षाला होती आणि प्रॅक्टिकलसाठी भोरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जात होती. बारावीनंतर तिने एएनएमचा छोटा कोर्स केला, काही वर्षं नसरापूरला एका डॉक्टरांकडे काम केलं, आणि मग मनाने घेतलं की पूर्ण सिस्टर व्हायचं. त्यामुळे वर्गातल्या बाकीच्या पोरी तिच्याहून बऱ्याच लहान. त्या तिला ताई म्हणत. ताई म्हटलं की मान मिळतो, पण भेळ खायला कोणी हाक मारत नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये ती भिंतीकडच्या टेबलावर एकटीच जेवायची, मोबाईलकडे बघत. कोणाला वाटावं, कामात आहे बिचारी.

रोज संध्याकाळी विंझरहून आईचा फोन यायचा.

"बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

दुसरं काही सांगायची सोयच नव्हती. थोरला भाऊ गोरख टपून बसला होता. "ह्या वयात कसली शाळा? लगीन करून टाकू," हे त्याचं पालुपद. फोनवर एक हुंदका गेला असता तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन तो हॉस्टेलच्या दारात उभा राहिला असता. तेव्हा बरं हाय.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एक पेशंट नेमून देतात. त्याची सगळी हकीकत विचारायची, सेवा करायची आणि शेवटी सगळ्यांसमोर ती केस मांडायची. सुलक्षणाच्या वाट्याला धोंडाबाई आल्या. गडाच्या पायथ्याच्या पालीच्या, पांढऱ्याफटक, अंगात रक्त नाही. बाटल्या चढवल्या की थोडं वाढायचं आणि पुन्हा उतरायचं. डॉक्टरांनी सुलक्षणाला बाजूला घेऊन सांगितलं, "रक्त जातंय कुठंतरी. पुण्याला नेऊन दुर्बिणीने पोट बघायला हवं, पण म्हातारी म्हणते मला काही होतच नाही, मी कशाला जाऊ. तिला बोलती कर. अशीच घरी गेली तर एक दिवस पडेल आणि उठायची नाही."

सुलक्षणा धडा आठवत खाटेपाशी गेली. नाव सांगितलं, हसली आणि विचारलं, "आजी, माहेर कुठलं तुमचं?"

"विंझर."

"अगं बाई! मीपण विंझरचीच की."

म्हातारी उठून बसली. पदर सारखा केला. "कुनाची गं तू?"

सुलक्षणाने घराणं सांगितलं, आळी सांगितली, देवळामागचं चिंचेचं झाड सांगितलं. धोंडाबाईंचे डोळे भरून आले. "मंग आजी काय म्हंतीस मला? गावची लेक हाय म्या. आत्या म्हन."

कुणाची गं तू, असं तिला भोरमध्ये कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिला मेसमधली पचपचीत डाळसुद्धा गोड लागली.

मग रोज प्रश्नोत्तरं सुरू झाली.

"आत्या, पोटात दुखतं का?"

"न्हाई गं."

"संडास काळी होते?"

"त्या रक्ताच्या गोळ्यांनी हुती म्हनं. गोळ्या देनाऱ्या आशाबाईनंच सांगितलं."

"दुकानातून आणून कसल्या गोळ्या खाता का?"

"छ्या!"

"घरी कोण बघतं तुमचं?"

"ल्योक हाय, सून हाय. लई जीव लावत्यात. दूध म्हनू नगंस, तूप म्हनू नगंस."

एवढं बोलून त्या उशाखालून एक बिस्किट काढायच्या, तिच्यासाठी राखून ठेवलेलं. सुलक्षणा बिस्किट खायची आणि सांगितलेलं सगळं लिहून घ्यायची. भेटायच्या वेळेला या खाटेशी कोणी फिरकत नाही, हे तिला दिसत होतं. पण आत्या म्हणाली लेक कामासाठी पुण्याला गेलाय, तर गेला असेल. दिवसभरात आपल्याशी मायेने बोलणारं एकच माणूस असलं की त्याचं खोटं पकडायला जीव धजत नाही. वर्गातल्या पोरी हसायच्या, "ताईला दवाखान्यात आत्या मिळाली." हसेनात का, ती म्हणायची. रक्त मात्र उतरतच होतं.

शेजारच्या खाटेवर भोरच्याच जोहराबींची सून होती; सोबतीला जोहराबी बसून असायच्या. एका दुपारी सुलक्षणा त्या सुनेच्या पलीकडच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होती. मधे पडदा होता. पडद्याआडून आत्याचा आवाज आला, पण हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"कसला ल्योक न् कसली सून, बाई. पुण्याला गेल्यापासनं त्वांड दावलं न्हाई. गड बघाया लोकं येत्यात, त्येंच्या जेवनाची भांडी घासती म्या. गुडघं धरत्यात. दुकानातनं लाल गोळी आनती, सकाळी येक, दुपारी येक. खाल्ली की उठाया येतं, पर मागनं पोटात आग पडती. न् संडास डांबरावानी. लई दिस झालं."

"मग त्या पोरीला सांगा ना," जोहराबी म्हणाल्या. "एवढं गोड बोलते तुमच्याशी."

"तिला? नगं गं बाई, पाया पडती. ती विंझरची हाय. उद्या गावात बोलंल. माजा भाऊ रखमाजी अजून हाय. भन सुखात हाय म्हून निवांत झोपतो. त्येला झोपू दे."

सुलक्षणा चादर हातात धरून तशीच उभी राहिली. आधी तिला राग आला, मग रडू आलं. सासरचं दुखणं माहेरच्या माणसाच्या कानावर घालायचं नसतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. रोज संध्याकाळी फोनवर ती तरी दुसरं काय करत होती? दवाखान्यातल्या सगळ्या माणसांत आत्या जिला खरं सांगू शकत नव्हती, अशी ती एकटीच होती. आणि केस नेमकी तिच्याकडे होती.

ती वॉर्डच्या इनचार्ज यास्मिन सिस्टरांकडे गेली. सगळं सांगितलं.

"मग सरळ विचार तिला," सिस्टर म्हणाल्या.

"मी विचारलं की ती विंझरला उत्तर देते, सिस्टर. तुम्ही विचारा. मी तिथं नको. आणि मी ऐकलंय हे तिला कळू नये."

"केस सोडलीस तर नवीन घ्यावी लागेल. पुन्हा पहिल्यापासून."

"घेते."

सिस्टरांनी हातातली फाईल मिटली. "आणि ती आत्या? तीपण सुटेल."

 सुलक्षणाने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुरुषांच्या वॉर्डात गेली. सकाळी बायकांच्या वॉर्डाच्या दारावरून जाताना तिला दिसलं, यास्मिन सिस्टर धोंडाबाईंच्या खाटेशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. "विचारायचं आणि मग गप्प बसायचं," हे त्या वर्गात नेहमी सांगत. त्या गप्प बसल्या होत्या. म्हातारी पदराने डोळे पुसत बोलत होती, बोलतच होती. उशाजवळ बिस्किटाचा पुडा तसाच होता.

पुण्याला जायचं ठरलं. गुडघ्यांसाठीच्या त्या लाल गोळ्यांनी पोटात व्रण पडला असणार, डॉक्टर म्हणाले, आणि वेळेत कळलं म्हणून बाई वाचेल. ॲम्ब्युलन्स दारात लागली तेव्हा सुलक्षणा निरोप द्यायला आली. बरोबर फक्त दवाखान्याचा एक माणूस होता.

"कुठं गेलतीस गं?" धोंडाबाईंनी तिचा हात धरला. "वाट बघितली म्या."

"दुसरीकडं ड्यूटी लागली, आत्या."

"पुन्याला चालली. ल्योक तितंच हाय, येनार हाय त्यो." त्यांनी हात दाबला. "गावाला गेलीस की रखमादादाला सांग, बरी हाय म्हून. लई बरी हाय."

"सांगते, आत्या."

रविवारी ती चेलाडी फाट्यावर गाडी बदलून विंझरला गेली. घरी जायच्या आधी रखमाजींकडे गेली. म्हातारा ओसरीवर घोंगडीवर बसला होता.

"आबा, धोंडाआत्या भेटली होती. लई बरी आहे. लेक लई करतो."

रखमाजी मान हलवत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर व्हनार न्हवं तू? मंग खोटं जरा नीट बोलाया शीक."

ती ओसरीच्या कडेला टेकली.

"गडावरनं परतनारी पोरं हितं च्याला थांबत्यात. पालीची म्हातारी भांडी घासती, समदं सांगत्यात. आनाया गेलतो म्या तिला. येकदा न्हाई, लई डाव. दारात उभी ऱ्हाऊन म्हनती, माजं लई बरं हाय, दादा. हाताला धरून वडत आनू का?" त्यांनी डोळे मिटले. "मला ठावं हाय म्हून तिला सांगू नगंस. तेवढंच ऱ्हायलंय तिच्यापाशी."

"तिला पुण्याला नेलंय, आबा," सुलक्षणा म्हणाली. आत्याचा 'बरी हाय'चा निरोप तिने दिला होता, पण आता एवढं तरी खरं सांगावं असं तिला वाटलं. "ती वाचेल. तुम्ही जाऊन या."

"जातो," रखमाजी म्हणाले. "काय म्हनंल, ठावं हाय मला."

घरी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. गोरख रानात गेला होता. सुलक्षणा उंबऱ्यापाशी बसली. वाटभर तिच्या डोळ्यांपुढे एकच येत होतं: एकीकडे दारात उभी बहीण, दुसरीकडे ओसरीवर बसलेला भाऊ, आणि मधे इतकी वर्षं ते 'बरं हाय'.

"करमतं न्हवं तितं?" पाठमोऱ्या आईने विचारलं. "बरं हाय न्हवं?"

उत्तर सवयीने ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"न्हाई, आई," ती म्हणाली. "एकटीच जेवते मी. कुणी बोलत न्हाई माझ्याशी. पण शाळा सोडायची न्हाई मला. तुला नुसतं सांगायचं होतं."

आई वळली. हात पिठाने भरलेले होते. तिने गोरखचं नाव काढलं नाही, फक्त पाट सरकवून लेकीच्या समोर येऊन बसली.

"सांग," ती म्हणाली.

तव्यावर भाकरी करपायला लागली, तरी ती उठली नाही.