खेळाडू संघाचं घड्याळ

मी बुद्धिबळाचं घड्याळ. चावीवर चालणारं. दोन तबकड्या, दोन बटणं, दोन लाल झेंड्या. वेळ संपली की झेंडी पडते आणि डाव जातो. माझी झेंडी कधी चुकीची पडलेली नाही.

बोईसरच्या कामगार खेळाडूंनी संघ काढला तेव्हा मला घेतलं. तारापूरच्या कारखान्यांत जागा घ्यायला पुढच्या पाळीचा माणूस, रिलिव्हर, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. माणूस स्पर्धेला पोचेपर्यंत डाव गेलेला असायचा. संघ आयोजकांशी भांडला. शिफ्टवरून येणाऱ्यासाठी तासभर घड्याळ सुरू करायचं नाही, असं ठरलं. तेव्हा संघाच्या सभेला बसायला जागा नसे. आता एकटे झुंबरकाका उरलेत.

परवा स्पर्धेत बॅटरीची घड्याळं कमी पडली, म्हणून मला मांडलं. पॅकिंग खात्यातल्या सोमीचा शेवटचा डाव. जिंकली तर राज्य स्पर्धेला जाणार. तिचा रिलिव्हर आला नव्हता. तरी पंच नरहरीने बटण दाबलं. सोमीची वेळ चालू झाली.

"नरहरी, तासभर थांबायचं ठरलंय ना?" काकांनी विचारलं.

"ती सवलत यंदा काढली, काका. आयोजकांनी."

"आमाला कोणी विचारलं?"

"आमाला म्हणजे कोणाला? एकटेच तर आलाय."

सोमीशी खेळायला बसलेली हेतल म्हणाली, "सर, मी थांबते. मला घाई नाय."

"तुला विचारलं नाय. बस."

काकांनी सोमीला फोन लावला.

"कशी निघू, काका? पट्टा चालू हाय. माझ्या जागेवर कोणीच नाय."

काका माझ्याजवळ आले. बोट बटणावर धरलं. अर्धं दाबलं असतं तर मी थांबलो असतो. पण पूर्वी आयोजक आपल्या माणसासाठी घड्याळ थांबवत. म्हणून पंचाशिवाय कोणी घड्याळ थांबवलं तर ज्याच्यासाठी थांबवलं तो खेळाडू स्पर्धेतून बाद, हा नियमही संघानेच भांडून आणलेला. काकांनी बोट मागे घेतलं. हात खिशात घातला.

मला थांबायचं होतं. चावी पुरती भरलेली होती. झेंडी पडली.

सोमी कंपनीच्या ड्रेसवरच धावत आली. झेंडी पाहिली. खुर्चीत बसली.

"हेतल, काय खेळणार होतीस गं?"

हेतलने सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या.

आता मी काकांच्या कपाटावर असतो. संघाचं घड्याळ बंद पडलेलं त्यांना चालत नाही. रोज सकाळी चावी देतात. नका देऊ, काका. चावी भरली की मला थांबता येत नाही. पण हे सांगायला मला टिकटिकीशिवाय काही येत नाही, आणि ती ऐकून त्यांना बरं वाटतं.