न उघडलेला खेळ

बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी नखाने सोडवली, सदऱ्याच्या खिशात सरकवली आणि मगच मागे वळून पाहिलं. दारात मुलगी उभी होती.

"आलीस होय," ते म्हणाले. "बघ, डबा कसा कालच दुकानातून आणल्यासारखा आहे."

तिने डब्याकडे पाहिलंच नाही. ती खिशाकडे पाहत होती. त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय हे तिला पाठ होतं, कारण माळ्यावरच्या ट्रंकेतून ही पिशवी तिनेच उपसून काढली होती. 'धाकट्याला, ताईकडून.' म्हणजे आत्याने बाबांना. बस्स, एवढंच. पण एवढंही पुरेसं होतं.

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून घरात तिला सगळे वकील म्हणत. आधी चिडवायला म्हणत, पण तिला ते इतकं आवडलं की चिडवण्यातली मजाच गेली. आता ती दूधवाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलायची. तेव्हा माळ्यावर एक जुना व्हिडिओ गेम सापडला, त्याच्यावरचं दुकानातलं पातळ पारदर्शक वेष्टनही फाटलेलं नाही, हे कळल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिने दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून शोध लावला: असा खेळ हौशी लोक विकत घेतात, आणि जी किंमत देतात तीत नवी स्कूटर येते.

"स्कूटर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती. "एवढे पैसे ओतून माणूस तो खेळणार कधी?"

"आई, तो खेळायचा नसतोच मुळी. उघडला की किंमत गेली. तो नुसता ठेवायचा असतो."

"मग तुझं गणिताचं पुस्तकही काढ विकायला. तेही नवंकोरंच आहे."

बाबा हसले नव्हते. ते डबा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते. चष्म्यांची भिंगं घासायचं त्यांचं काम. कुठलीही वस्तू ते कडेला धरून, बोटांचे ठसे उमटू न देता उचलत. मग त्यांनी एवढंच सांगितलं, "विकू या. पण आत्याला यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"उगाच. तिच्या डोक्याला कशाला ताप."

चोराच्या मनात चांदणं, असं वकिलाला तेव्हाच वाटलं होतं. आज चिठ्ठी खिशात गेली आणि खात्रीच झाली. आत्या अजून लाँड्रीत उभी राहून दुसऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करत होती. तिचा उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत नारळाएवढा सुजायचा. तिने बहिणीच्या मायेने आणलेली वस्तू, आणि हा माणूस परस्पर विकून मोकळा होणार. स्वतःच्या बापाबद्दल असं वाटावं याचं तिला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात थोडा अभिमानही होता. न्यायापुढे बाप काय नि आई काय.

तिने आत्याला फोन केला.

"रविवारी ये. बाबा तुझी वस्तू विकतोय, तुला न सांगता. तुझं नाव असलेली चिठ्ठीसुद्धा काढून टाकलीय त्याने."

पलीकडे वाफेच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज येत होता. तो थांबला.

"किती वाजता येऊ?" आत्याने विचारलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. तिशीतला, नीट कातरलेल्या दाढीचा माणूस. जेवणाच्या टेबलावर त्याने काळं मखमली कापड पसरलं, पांढरे हातमोजे चढवले आणि छोटी बॅटरी लावून डब्याच्या कडा बघायला लागला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत म्हणाली, "नुकत्याच जन्मलेल्या बाळालासुद्धा डॉक्टरने एवढं जपून धरलं नव्हतं." मोजेवाला मान वर न करता हसला.

तेवढ्यात आत्या आली. ठेवणीतले कपडे, कडक इस्त्री, खांद्याला मोठी पर्स. जिना चढून धाप लागली होती, तरी ती बसली नाही.

बाबा उठून उभे राहिले. "ताई? तू कशी अचानक?"

"इकडून चालले होते," आत्या म्हणाली.

वकिलाने घसा साफ केला. आरशासमोर तिने याची तालीम केली होती.

"बाबा, हा खेळ आत्याने आणलेला आहे. तू तिची चिठ्ठी सोडवून खिशात घातलीस, मी पाहिलंय. पैशांवर तिचाही हक्क आहे, आणि तिला अंधारात ठेवून हे विकणं बरोबर नाही."

शाळेत याच जागी टाळ्या पडल्या होत्या. इथे नळ ठिबकत होता तेवढा ऐकू आला. आईने "अगं" म्हणून पदराने उगाच कपाळ पुसलं. बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग परक्या माणसाकडे, मग जमिनीकडे.

शेवटी मोजेवालाच बोलला. "माल मात्र अस्सल आहे. वेष्टनाची शिवण मूळची. हा आजवर कुणी उघडलेलाच नाही."

आत्या चटकन हसली. "मग हा तो नव्हेच. पोरीचा काहीतरी घोटाळा झालाय. मी आणलेला तर आमच्या धाकट्याने खेळून खेळून भुगा केला होता."

"ताई," बाबा म्हणाले.

"अरे, खोटं सांगतेय का मी?" ती मोजेवाल्याकडे वळली. कुणीतरी ऐकणारा मिळाल्यावर तिची धापही निवली. "माझा पहिला पगार होता. संध्याकाळी मी लाँड्रीतून यायची, पायांचे खांब झालेले असायचे. पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि हा मला सांगायचा, आज कुठवर पोचला ते. बुडालेलं शहर आहे, त्यात एक राणी. राणीला बोलता येत नाही, ती घंटा वाजवून बोलते. एक घंटा म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणि तीन वाजवल्या की समजायचं, तिला भूक लागलीय."

मोजेवाल्याने बॅटरी बंद केली. "राणी? यात राणी नाही हो मावशी. एक पाणबुड्या असतो, तो शिंपले गोळा करतो. मासा आला की त्याला खातो. मग परत पहिल्यापासून. एवढंच आहे."

"शहर?"

"शहरही नाही."

आत्याने डब्यावरच्या चित्राकडे पाहिलं. पाणबुड्या, शिंपला, मासा. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"धाकट्या, राणी कुठली होती रे मग?"

बाबांचे कान लाल झाले होते. पन्नाशीला आलेला माणूस, पण हात मागे बांधून गुरुजींसमोर उभं राहावं तसा उभा होता.

"तो आपल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रात बसायचा नाही, ताई. आपलं पांढरं यंत्र होतं, हा काळ्यासाठीचा. खाच वेगळी असते. डब्यावर लिहिलंच होतं."

"मग बदलून आणायचास."

"गेलो होतो. म्हणाले, विकलेला माल परत घेत नाही."

"आणि मला बोलला नाहीस."

"तू महिनाभर उभी राहून आणलेला. दारातच विचारलंस, आवडला का. कुठवर खेळलास. मी म्हटलं, पहिली पायरी झाली. मग दुसऱ्या दिवशी तू दुसरीचं विचारलंस." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "ही काढली ती तुझं अक्षर परक्याच्या कपाटात जाऊ नये म्हणून. पैसे तुझ्याकडेच यायचे होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला. फक्त कुठून आले म्हणून काय सांगायचं, ते सुचत नव्हतं."

"राणी सुचली होती की," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज हसण्यापर्यंत पोचला नाही.

वकील भिंतीला टेकून उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, तशी घेईल तर बरं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. सगळे मुद्दे अजून पाठ होते, हेच वाईट होतं. 'अंधारात ठेवून' हे शब्द तिने किती ठसक्यात म्हटले होते. हाताची जोड देऊन म्हटले होते. तो हात कुठे ठेवावा हे आता तिला कळेना. शेवटी तिने तो फ्रॉकच्या खिशात घातला.

आत्याने बोटाने डब्याला स्पर्श केला. मोजेवाला दचकला.

"एवढे पैसे कशाचे देता तुम्ही?" तिने विचारलं.

"कुणी हात न लावल्याचे, मावशी. असे मिटलेले आता फार थोडे उरलेत. बाकीचे मुलांनी खेळून संपवले."

"बरं केलं त्यांनी," आत्या म्हणाली. जरा वेळाने तिने डबा कापडासकट त्याच्याकडे ढकलला. "न्या. आमच्याकडे अजूनही कशात बसायचा नाही."

व्यवहार झाला. मोजेवाल्याने डबा एका पेटीत, पेटी दुसऱ्या पेटीत ठेवली आणि सगळ्यांना नमस्कार करून जवळजवळ पळतच गेला. बाबांनी पैशांचं पाकीट आत्याच्या पर्सजवळ ठेवलं. तिने ते परत त्यांच्याकडे सरकवलं. असं दोन-तीनदा झाल्यावर आईने ते उचललं आणि सरळ आत्याच्या पर्समध्ये कोंबलं. "आता गुडघा झाल्याशिवाय इकडे यायचं नाही," ती म्हणाली. "नाहीतर जिन्यात पडाल, आणि मला तुमचंही करावं लागेल."

आत्या निघाली तशी वकील न सांगता तिच्याबरोबर उतरली. आत्याने कठड्याला धरलं होतं, एकेक पायरी उतरत होती. मधल्या मजल्यावर ती दम घ्यायला थांबली.

"आत्या," वकील म्हणाली. "मला वाटलं, बाबा तुझा वाटा बुडवतोय. म्हणून मी फोन केला. मी सगळ्यांसमोर त्याला..."

"हो."

"तू माझं नावसुद्धा सांगितलं नाहीस. इकडून चालले होते म्हणालीस."

आत्याने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती पुतणीकडे बघत नव्हती, खालच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होती.

"तू पोर आहेस. तुला दोन दिवस तसं वाटलं," ती म्हणाली. "मी त्याला कडेवर वागवलंय. तू फोन ठेवलास आणि मी एक क्षणही म्हटलं नाही, की छे, माझा भाऊ असं करणार नाही. हे कपडे काढून इस्त्री केली. बसमध्ये काय काय ऐकवायचं ते जुळवत आले. लग्नातलंसुद्धा काढणार होते."



"त्याला हे सांगू नकोस," आत्या म्हणाली. "काही झालं तरी." आणि कठड्याला धरून पुढची पायरी उतरली.

तिला बसमध्ये बसवून वकील परत वर आली, तेव्हा बाबा अजून टेबलाशीच होते. समोर रिकामी प्लॅस्टिकची पिशवी होती, ती ते घडी घालत होते आणि उलगडत होते.

"मिळाली बस?"

"मिळाली. खिडकीजवळ बसली."

"रागावलीय का?" त्यांनी वर न बघता विचारलं. "उतरताना काही म्हणाली?"

वकील खुर्चीवर बसली. खरं बोलायचं असलं की तिचे शब्द एरवी धावत यायचे. आता तिने एकेक शोधून काढला.

"म्हणाली, मी फोन केला तेव्हाच तिला वाटलं, काहीतरी गैरसमज असणार. म्हणाली, धाकटा असं करणं शक्यच नाही."

बाबांचे हात थांबले. "असं म्हणाली?"

"हो."

"लगेच म्हणाली?"

"लगेच," वकील म्हणाली. "मधल्या मजल्यावर."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. मग पुन्हा डोळ्यांना लावून त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"